‘देवाची योजना’ म्हणजे नेमके काय? लोणावळ्यातील एक प्रार्थना, दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

नोकरी गेली, ठरलेले लग्न मोडले किंवा घरातले माणूस अचानक गेले, की ख्रिस्ती कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास येते : देवाची काहीतरी योजना असेल. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला या वाक्याने कधी धीर येतो, तर कधी चीड येते. ही कसली योजना, जिच्यात माझेच घर बसावे?

या वाक्यामागे ख्रिस्ती धर्मातला एक जुना सिद्धांत आहे. त्याला ‘देवाचे सार्वभौमत्व’ म्हणतात. तो नेमका काय सांगतो, काय सांगत नाही आणि आयुष्य उलटेपालटे होत असताना त्यावर विश्वास ठेवणे म्हणजे काय, हे समजून घ्यायला महाराष्ट्रात एक ठसठशीत उदाहरण आहे. ते आहे पंडिता रमाबाईंचे, आणि त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग मावळातल्या लोणावळ्यात घडलेला आहे.

सार्वभौमत्व म्हणजे काय?

सोप्या शब्दांत सांगायचे तर, जग देवाने निर्माण केले आणि नंतर सोडून दिले असे नाही. ते तो आजही चालवतो, अशी ही श्रद्धा. राजे, राज्ये, पाऊस, पीक, जन्म, मृत्यू यांतले काहीही त्याच्या नजरेबाहेर नाही आणि त्याच्या अंतिम हेतूला कायमचा अडथळा आणू शकेल असे काही नाही.

यातून निघणारा दुसरा शब्द म्हणजे ‘दैवी तरतूद’. सार्वभौमत्व म्हणजे सत्ता, आणि तरतूद म्हणजे त्या सत्तेने केलेली देखभाल. १५६३ मध्ये जर्मनीत तयार झालेल्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. पाऊस आणि दुष्काळ, आरोग्य आणि आजार, सुबत्ता आणि गरिबी यांतले काहीच योगायोगाने येत नाही, ते पित्याच्या हातून येते, असे ती मांडते. आणि लगेच विचारते की हे माहीत असून उपयोग काय? उत्तर तीन भागांत आहे. संकटात धीर धरावा, सुखात कृतज्ञ राहावे आणि उद्याबद्दल निर्धास्त असावे.

म्हणजे हा सिद्धांत मुळात जगाचे कोडे सोडवण्यासाठी मांडलेला नाही. माणसाने बदलाला कसे सामोरे जावे, यासाठी तो आहे.

मग हे नशीब किंवा प्रारब्धच झाले ना?

मराठीत आपण ‘नशिबात होते’, ‘प्रारब्ध चुकत नाही’, ‘जे होते ते बऱ्यासाठीच’ अशी वाक्ये सहज वापरतो. ख्रिस्ती माणूसही वापरतो. पण सिद्धांताच्या पातळीवर यांत फरक आहे.

नशिबाला चेहरा नसतो. त्याच्याशी भांडता येत नाही, त्याच्याकडे गाऱ्हाणे नेता येत नाही. प्रारब्धाच्या कल्पनेत आजच्या भोगाचे मूळ पूर्वकर्मात असते. ख्रिस्ती कल्पनेत मात्र समोर एक व्यक्ती आहे, ऐकणारा बाप आहे. म्हणूनच सगळे देवाच्या हातात आहे असे मानणारी माणसे प्रार्थनाही करतात. सगळे आधीच कोरून ठेवले असते, तर मागण्याला अर्थ उरला नसता.

‘जे होते ते बऱ्यासाठीच’ हेही ख्रिस्ती शिकवणीशी पुरते जुळत नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातले प्रसिद्ध वचन अनेकदा असे वाचले जाते, की घडणारी प्रत्येक गोष्ट चांगलीच असते. पौल तसे म्हणत नाही. देव सगळ्या घडामोडींमधून आपल्या माणसांचे भले घडवून आणतो, असे तो म्हणतो. वाईट ते वाईटच राहते. फक्त शेवटचा शब्द त्या वाइटाचा नसतो.

देवावर भार टाकून उभे राहण्याची ही भाषा मराठी मुलखाला परकीही नव्हती. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी खाली देहूला जाते. सतराव्या शतकातल्या दुष्काळात तुकारामांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला, आणि त्यातून ते विठ्ठलाकडे अधिक ओढले गेले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक सांगत, की तुकारामांच्याच पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो. दोन परंपरांचे तत्त्वज्ञान वेगळे आहे. पण उद्ध्वस्त झालेल्या माणसाने देवाचा पदर धरणे म्हणजे काय, हे इथल्या लोकांना समजावून सांगावे लागत नव्हते.

लोणावळ्यात काय घडले?

१८६३ मध्ये बोरघाटातला रेल्वेमार्ग खुला झाला आणि लोणावळा मुंबई-पुण्याशी एका गाडीने जोडले गेले. हवा थंड, झाडी दाट, दोन्ही शहरांतून यायला सोयीचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे ख्रिस्ती लोकांची शिबिरे भरत. प्रवचने, प्रार्थना, गाणी आणि उरलेल्या वेळात रानात फिरणे असा काही दिवसांचा कार्यक्रम असे. त्या काळच्या इंग्रजी लिखाणात गावाचे नाव ‘लानौली’ असे येते.

१८९० च्या दशकाच्या मध्यात, मोठ्या दुष्काळाच्या आधी, पंडिता रमाबाई अशा शिबिराला आल्या होत्या. त्यांच्याबरोबर ख्रिस्तावर विश्वास ठेवू लागलेल्या पंधरा मुली होत्या. एका पहाटे त्या एकट्याच रानात गेल्या. त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवले आहे की तिथे त्यांनी देवाकडे एक आकडा मागितला : या पंधराचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस. आणि मुदत घातली पुढच्या शिबिरापर्यंतची.

आकडा मागून झाल्यावर त्यांच्याच मनात शंका आली. त्यांच्या शारदा सदनात तेव्हा एकूण मुलीच त्यापेक्षा कितीतरी कमी होत्या. दोनशे पंचवीस येणार कुठून? त्या वेळी त्यांना यिर्मयाच्या ग्रंथातले एक वचन आठवणीत ठेवण्यासाठी मिळाले होते. परमेश्वराला अवघड असे काही आहे का, अशा अर्थाचे. त्यावर त्यांनी विसंबायचे ठरवले.

पुढे जे घडले ते त्यांच्या कल्पनेतही नसावे. पण त्याआधी, असा आकडा मागायचे धाडस करणारी ही बाई कोणत्या वाटेने इथवर आली होती, ते पाहायला हवे.

रमाबाईंच्या आयुष्यात किती वळणे आली?

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवले, म्हणून लोकांचा रोष घेतला. कुटुंब तीर्थक्षेत्रे हिंडत पुराणे सांगून जगत असे. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. अन्नावाचून, पायी, देशभर फिरत ते १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय नोंदणी विवाह केला. १८८१ मध्ये मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबिहारी कॉलऱ्याने गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती.

त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षण आणि स्त्री डॉक्टरांची गरज यांवर साक्ष दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत पोचल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले पुस्तक गाजले आणि बोस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था उभी राहिली. तिने दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. १८९० मध्ये ते पुण्याला हलले. पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई या तिथल्याच विद्यार्थिनी.

इतकी वळणे घेतलेल्या बाईचा विश्वास एका दिवसात पक्का झाला, असेही नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या आसपास, त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त नाही. हे त्यांनी स्वतः मोकळेपणाने लिहिले. लोणावळ्याची प्रार्थना त्यानंतरची आहे.

प्रार्थनेनंतर काय झाले?

१८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. मध्य प्रांतात माणसे रस्त्यावर मरू लागली. रमाबाईंना आपल्या लहानपणातले दिवस आठवले. आई-वडील आणि बहीण डोळ्यांदेखत जाताना पाहिलेल्या मुलीला उपासमार म्हणजे काय, हे कोणी सांगायची गरज नव्हती. हाताशी पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मुली, तरुण विधवा यांना घेऊन आल्या. काही महिन्यांत ही संख्या सुमारे तीनशेवर गेली.

तेवढ्यात पुण्यात प्लेग आला. शहरात इतक्या मुली एकत्र ठेवायला परवानगी मिळेना. दौंडच्या वाटेवर केडगावला रमाबाईंनी शंभरेक एकर जमीन आधीच घेतली होती. बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार होती, तेव्हा फळबाग लावून उत्पन्नाची सोय करावी हा त्यामागचा विचार. त्या माळावर तात्पुरता निवारा करून मुलींना ठेवले. तेच ‘मुक्ती सदन’. फळबागेसाठी घेतलेली जमीन शेकडो मुलींचे घर झाली.

लोणावळ्यात मागितलेला आकडा मुलींच्या संख्येने वर्षभरात ओलांडला. यातल्या अनेकींनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रार्थनेचे उत्तर मिळाले, असे रमाबाईंनी मानले आणि तसे लिहिले.

मग देवाने त्यासाठी दुष्काळ पाडला का?

खरा अवघड प्रश्न इथे आहे. एका बाईची प्रार्थना पूर्ण व्हावी म्हणून हजारो माणसे उपाशी मरावीत, असा देव असेल तर त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? सार्वभौमत्वाचा सिद्धांत इथे टिकतो की कोसळतो, हे पाहायला हवे.

बायबल हा प्रश्न टाळत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाला त्याचेच भाऊ विकतात. तो मिसरात गुलाम होतो, खोट्या आरोपाखाली तुरुंगात जातो आणि शेवटी धान्याच्या कोठारांचा अधिकारी होतो. दुष्काळात तेच भाऊ त्याच्या दारात येतात. योसेफ त्यांना जे सांगतो त्याचा आशय असा : तुमचा हेतू वाईटच होता, देवाचा मात्र चांगला होता, लोकांचे प्राण वाचावेत असा. एकाच घटनेत दोन हेतू. भावांचा अपराध त्यामुळे पुसला जात नाही. आणि तो अपराध म्हणजे कथेचा शेवटही ठरत नाही.

ख्रिस्ती विचारवंत यातून एक फरक करतात. देव वाइटाचा वापर करू शकतो, म्हणून त्याला वाईट आवडते किंवा चांगले वाटते, असा अर्थ निघत नाही. थॉमस अक्वायनसच्या परंपरेत मूळ कारण आणि दुय्यम कारणे अशी मांडणी आहे. देव सर्वाचा आधार आहे. पण पाऊस, बाजार, सरकार, माणसाचा लोभ ही कारणेही खरी आहेत आणि माणसाची जबाबदारीही खरी आहे. १८९६ च्या दुष्काळात पाऊस पडला नाही हे एक कारण. गरिबाच्या हातात धान्य घ्यायला पैसा नव्हता, हे दुसरे. ‘देवाची इच्छा’ म्हणून दुसऱ्या कारणाकडे डोळेझाक करता येत नाही.

रमाबाईंनी ती केलीही नाही. प्लेगच्या काळात सरकारी रुग्णालयात बायकांचे कसे हाल होतात, याबद्दल त्यांनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात उघडपणे लिहिले. देवावर भार टाकलेली ही बाई सरकारला जाब विचारत होती. तिच्या लेखी या दोन गोष्टींत विरोध नव्हता.

संकट म्हणजे पापाची शिक्षा असते का?

सोशल मीडियावर एखाद्या दुर्घटनेनंतर अशा कमेंट दिसतातच. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. अशा वेळी ‘त्यांनीच काही केले असेल’ असे म्हणणारा कोणीतरी निघतो.

येशूच्या काळातही असे झाले होते. लूकच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असा प्रश्न येशू स्वतःच करतो आणि स्पष्ट नाही म्हणतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाबद्दल शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की आईबापांचे? तिथेही तो दोन्ही पर्याय नाकारतो.

ईयोबाची कथा तर याच विषयावर आहे. ईयोबाची मुले, मालमत्ता, तब्येत सगळे जाते. मित्र येतात आणि त्याने नक्की काहीतरी पाप केले असणार, हे त्याला पटवू लागतात. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. ओरडून, भांडून, जाब विचारणाऱ्या ईयोबावर तसा रागावत नाही. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण आपल्याला ठाऊक आहे असे ठामपणे सांगणे हे ख्रिस्ती शिकवणीत विश्वासाचे लक्षण नाही.

रमाबाईंवर टीका झाली नाही का?

झाली, आणि जोरात झाली. शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता राहील, असे सुरुवातीला सांगितले होते. काही मुली ख्रिस्ती होऊ लागल्या तेव्हा १८९३ मध्ये वाद पेटला. ‘केसरी’ने टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. दुष्काळानंतरचा आक्षेप आणखी तीव्र होता. भुकेल्या, अनाथ मुलीला आसरा देऊन तिचा धर्म बदलणे याला तिची स्वतंत्र निवड म्हणता येईल का?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो आजही विचारला जातो. रमाबाईंची बाजू अशी, की ज्या मुलींना कोणी दारात उभे करत नव्हते त्यांना त्या घर, शिक्षण आणि हाताला काम देत होत्या. आणि ज्या श्रद्धेने आपल्याला सावरले ती सांगण्यात त्यांना गैर वाटत नव्हते.

सिद्धांताच्या दृष्टीने यातून एक इशारा मिळतो. ‘देवाने हे माझ्याकडे सोपवले’ अशी खात्री माणसाला अफाट बळ देते. पण तीच खात्री आपल्या निर्णयांवर प्रश्न विचारू देत नसेल तर धोकादायकही ठरते. म्हणून चर्चच्या परंपरेत एकट्याच्या खात्रीला पुरेसे मानत नाहीत. वचन, मंडळी आणि इतरांचा सल्ला यांवर ती घासून पाहावी, असे सांगितले जाते.

विश्वास ठेवणे म्हणजे हात बांधून बसणे का?

रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र वाचले होते. माणसांकडे पैसे न मागता केवळ प्रार्थनेवर त्यांनी अनाथाश्रम चालवला होता. असे भारतातही होऊ शकेल का, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात बसला आणि मुक्ती सदनाचे काम त्या त्याच वाटेने नेऊ लागल्या.

पण केडगावला जाऊन पाहणाऱ्याला काय दिसले असते? शेती, गाईगुरे, विणकाम, छापखाना. १८९९-१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्या जणींचे दोन वेळचे जेवण, औषधपाणी, शिक्षण हे काटेकोर नियोजनाशिवाय होत नाही. पहाटे प्रार्थना आणि दिवसभर हिशेब, असा तो संसार होता.

देवाच्या तरतुदीवर सर्वांत ठामपणे लिहिणारा कॅल्व्हिनही सोळाव्या शतकात हेच सांगतो. देवाने आयुष्याची मर्यादा ठरवली आहे. पण ते राखण्याची साधने आणि सावधगिरीची बुद्धीही त्यानेच दिली आहे. त्यामुळे देव बरे करील म्हणून डॉक्टरकडे जायचे नाही, देव सांभाळील म्हणून हेल्मेट घालायचे नाही, हा विश्वास नसून साधने नाकारणे झाले.

याकोबाच्या पत्रात व्यापाऱ्यांना उद्देशून एक समज आहे. अमुक गावी जाऊ, वर्षभर राहू, नफा कमवू असे ठरवताना उद्याचे आपल्याला ठाऊक नाही, हे लक्षात ठेवा. यात बेत आखू नका असे म्हटलेले नाही. बेत आखा, पण तो मुठीत घट्ट आवळू नका, असा त्याचा रोख. फळबागेच्या जमिनीवर निवारा उभारणाऱ्या रमाबाईंनी नेमके हेच केले.

सगळे ख्रिस्ती यावर एकमताने विचार करतात का?

नाही. देव सर्वसत्ताधीश आहे, यावर मुख्य पंथांचे एकमत आहे. ती सत्ता माणसाच्या स्वातंत्र्याशी कशी जुळते, यावर नाही. कॅल्व्हिनच्या परंपरेत देवाच्या निवडीवर भर आहे. डच विचारवंत आर्मिनियस आणि त्यांच्या वाटेने गेलेले जॉन वेस्ली यांनी माणसाच्या प्रतिसादाला अधिक महत्त्व दिले. मेथडिस्ट मंडळ्या वेस्लींच्याच. १६१८-१९ मध्ये डॉर्टच्या धर्मसभेत यावर मोठा वाद झाला. कॅथलिक परंपरा देवाची कृपा आणि माणसाचे सहकार्य या दोहोंवर भर देते.

पुणे जिल्ह्यात यांतल्या अनेक परंपरांची चर्च आहेत. १९७० मध्ये वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले, तेव्हा असे जुने मतभेद सोबत ठेवूनच लोक एका छताखाली आले. रविवारी बाकावर बसणाऱ्या माणसाला या वादाची नावे कदाचित सांगता येणार नाहीत. पण मुलाचा निकाल, ऑपरेशनची तारीख किंवा जमिनीची मोजणी समोर असताना तो मागतोही आणि ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ असेही म्हणतो. दोन्ही परंपरा त्याच्या एका प्रार्थनेत नांदतात.

विश्वासात रडायला जागा आहे का?

आहे, आणि बरीच आहे. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाण्यांची स्तोत्रे पुष्कळ आहेत. देवा, किती वेळ? तू का लपलास? असे थेट विचारणारी. येशू स्वतः मित्र लाजराच्या कबरीपाशी रडला. गेथशेमाने बागेत, अटक होण्याआधी, हा प्याला टळावा अशी त्याने आधी मागणी केली आणि मग पित्याच्या इच्छेला मान तुकवली. त्याने मागणी गिळून टाकली नाही. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी खरे बोलणे, मग स्वीकार.

रमाबाईंच्या वाट्याला अखेरही सोपी आली नाही. मनोरमा त्यांची एकुलती लेक, कामातला उजवा हात आणि पुढची वारस. २४ जुलै १९२१ रोजी ती गेली. आयुष्यभराच्या बेताचा कणाच मोडला. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, थकलेल्या होत्या. हाती एक काम अर्धवट होते. साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर त्या अनेक वर्षे करत होत्या. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. केडगावच्या छापखान्यात बायकाच ते जुळवत आणि छापत होत्या.

५ एप्रिल १९२२ रोजी, मनोरमानंतर नऊ महिन्यांच्या आत, रमाबाई गेल्या. त्यांचे बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी ते छापील, बांधलेले असे पाहिले नाही.

मग ‘देवाची योजना’ म्हणावे की म्हणू नये?

स्वतःबद्दल म्हणणे आणि दुसऱ्याला ऐकवणे यांत फरक आहे. ज्याच्यावर प्रसंग आला आहे तो स्वतः, आपल्या वेळेने, मागे वळून पाहताना ‘यात देव होता’ असे म्हणत असेल, तर ती साक्ष आहे. योसेफाने ते वाक्य विहिरीत पडलेला असताना उच्चारलेले नाही, कित्येक वर्षांनी उच्चारले. रमाबाईंनीही आपला अनुभव लिहिला तो घटना घडून गेल्यावर. आई-वडील जात असताना लहान रमेला कोणी ‘योजना’ सांगितली असती, तर ते क्रौर्य ठरले असते.

म्हणून ग्रुपवर संदेश टाकण्याआधी थोडा विचार करता येतो. ज्याची नोकरी गेली त्याला योजनेचे आश्वासन देण्यापेक्षा दोन ओळखीच्या ठिकाणी शब्द टाकता येतो. ज्या घरी मयत झाली तिथे डबा पोचवता येतो, रात्री सोबतीला बसता येते. ईयोबाच्या मित्रांनीही सुरुवातीचे सात दिवस हेच केले होते. ते त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसून राहिले. त्यांचे बिघडले ते बोलायला लागल्यावर.

आणि ज्याच्या स्वतःच्या आयुष्यात उलथापालथ चालू आहे, त्याला हा सिद्धांत इतकेच सांगतो : पुढचे वळण तुला दिसत नसेल, पण दिसत नाही म्हणून तिथे कोणीच नाही, असे नाही. आज जे हाताशी आहे ते कर, जे हाताबाहेर आहे त्याबद्दल माग, आणि मागताना रडावेसे वाटले तर रड. रमाबाईंनी लोणावळ्याच्या रानात आकडा मागितला, तेव्हा तो कोणत्या वाटेने येईल, हे त्यांना माहीत नव्हते. दुष्काळाच्या प्रांतात जाणाऱ्या गाडीत बसायचे की नाही, एवढा निर्णय मात्र त्यांच्या हातात होता, आणि तो त्यांनी घेतला.